उतारावर हलू नकोस

आमच्या फुएनलोंगा गावात गुड फ्रायडेच्या संध्याकाळी सोलेदाद माता चर्चमधून निघते, गावभर फिरते आणि दिवे लागेपर्यंत परत येते. ती स्वतः चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण तसं कुणी बोलत नाही. तिच्या लाकडी चौथऱ्याखाली, मखमली पडद्यांच्या आत, तीस माणसं अंधारात वाकून उभी असतात. चांदीचे खांब, मेणबत्त्या, फुलं आणि वर मेरीमातेची मूर्ती असा सगळा डोलारा ते मानेवर तोलतात. बाहेरून त्यांचे फक्त कापडी बूट दिसतात.

गेल्या काही वर्षांत बूट कमी पडायला लागले होते. ज्यांच्या माना शाबूत ते बार्सिलोनाला किंवा जर्मनीला, आणि जे गावात उरले त्यांच्या माना डॉक्टरांच्या ताब्यात. नाताळाच्या सुमारास मातेच्या मंडळाची बैठक झाली तेव्हा अठरा माणसं भरली, आणि त्यातल्या दोघांनी वाकून उभं राहण्याबद्दल शंका व्यक्त केली.

मंडळाचा अध्यक्ष कासिमिरो. सरळ माणूस. ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "आपण चाकं लावू."

 शेजारच्या गावाने पाच वर्षांपूर्वी त्यांच्या मातेला चाकं लावली, तेव्हापासून आम्ही त्यांना 'ढकलगाडीवाले' म्हणतो. फुटबॉलच्या सामन्यात म्हणतो, बाजारात म्हणतो, त्यांच्याकडे मयताला गेलो तर दाराबाहेर म्हणतो.

"चार रबरी चाकं," कासिमिरो म्हणाला. "ब्रेकसकट. सांगाडा तयार आहे माझ्याकडे."

"तुझ्याकडे असणारच," लेओविहिल्दो म्हणाला. "तुझ्याकडे उद्या शवपेट्या असत्या तर तू आम्हाला मरायला सांगितलं असतंस."

लेओविहिल्दो म्हणजे लेओ काका. माता वाहणाऱ्यांचा मुकादम. खाली वाकलेल्यांना काही दिसत नाही. मुकादम चौथऱ्याच्या पुढे उलटा चालतो आणि त्यांचे डोळे होतो. हे काम त्याच्या बापाने केलं, बापाच्या बापाने केलं. लेओ काकाला शेत नाही, मूल नाही, आवाज मात्र आहे. मातेला चाकं लागली तर मुकादमाच्या जागी ब्रेक दाबायला एक माणूस पुरला असता, आणि लेओ काकाने गावात काय म्हणून फिरायचं हा प्रश्न उरला असता.

"मला एक वर्ष द्या," तो म्हणाला. "मी खांदे आणतो."

"कुठून?"

"जिथे आहेत तिथून."

ते ऑलिव्हच्या मळ्यांत आणि तेलाच्या घाण्यावर होते. वाख्तांग जॉर्जियाचा, घाण्यावर पिंपं हलवायचा. सेरीन्य सेनेगलचा. दोघे भाऊ युक्रेनचे, बाकीचे मोल्दोव्हाचे. हंगामाला आले आणि राहिले, कारण गावात रिकामी घरं पुष्कळ. फादरनी लेओ काकाला बाजूला घेऊन सेरीन्यबद्दल हळूच विचारलं, "बाप्तिस्मा झालाय का त्याचा?"

लेओ काका म्हणाला, "उंची एक मीटर शहाण्णव, फादर."

फादरनी पुन्हा विचारलं नाही.

मंडळाने वर्ष दिलं, पण अट घालून. यंदा वाटेत काही बिनसलं, तर पुढच्या वर्षी चाकं. कासिमिरोने हे अगदी सौम्यपणे सांगितलं. सांगाडा त्याच्या दुकानात ताडपत्रीखाली झाकलेला होता आणि गावातला प्रत्येक जण कधी ना कधी ताडपत्री उचलून बघून आला होता. मीही गेलो होतो. चाकं चांगली होती.

अडचण भाषेची होती. आता लेओ काकाची रीत सांगितली पाहिजे. चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला पितळी हातोडी असते. तीन टोले म्हणजे उचला, एक टोला म्हणजे ठेवा. एकदा उचललं की पावलं बँडच्या तालावर आपोआप पडतात. तेव्हा काय करायचं ते हातोडी आणि बँड सांगतात. तोंडाने सांगायला उरतं ते काय करायचं नाही एवढंच. लेओ काका आयुष्यभर तेवढंच बोलत आला. हलू नकोस. झोपू नकोस. वाकडा जाऊ नकोस. ताल चुकवू नकोस. ही सवय घरातही गेली. लग्नाची मागणीसुद्धा त्याने 'दुसऱ्या कुणाशी करू नकोस' अशी घातली होती असं पाका काकू सांगतात, आणि त्यांनी केलं नाही.

नव्या मंडळींना होकार कळत होता. ये, जा, उचल, ठेव, खा. एवढं घाण्यावर पुरतं. नकार कळत नव्हता, कारण आमच्या स्पॅनिश भाषेत नकाराची आज्ञा आली की क्रियापद ओळखू येईनासं होतं. म्हणून त्यांना शिकवायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी माद्रिदच्या एका विनोदी साप्ताहिकात उभी हयात लोकांनी काय करू नये ते लिहिलं. कुणी ऐकलं नाही, पण विषयाचा अनुभव धरला गेला.

दर मंगळवारी संध्याकाळी, जुन्या शाळेत. बाकं लहान मुलांची, त्यामुळे वाख्तांग बाकावर न बसता बाक त्याच्यावर बसल्यासारखं दिसायचं.

मी फळ्यावर लिहिलं: मोबेर, म्हणजे हलणं. "'हल' म्हणायचं तर मुएबेते. मधल्या 'ओ'चं पोट फुटतं, त्याचा 'उए' होतो. आता 'हलू नकोस': नो ते मुएबास. पोट फुटलेलंच, वर शेपटीही फिरली. 'ए' होता तिथे 'आ' आला. 'आ' असेल तिथे 'ए' येतो."

वाख्तांगने हात वर केला. "मास्तर, आधी 'नो' लावला ना?"

"लावला."

"मग कळलं की नको. पुन्हा बिचाऱ्या क्रियापदाला कशाला मोडायचं?"

"आमच्याकडे नुसतं नको म्हणून कुणी ऐकत नाही. क्रियापदाला बडवून दाखवावं लागतं, मग बाकीचे घाबरतात."

त्याने हे वहीत लिहून घेतलं. मी पुसायला सांगितलं नाही.

"तेंब्लार, थरथरणं," मी पुढे गेलो. "थरथरू नकोस: नो तिएंब्लेस. दोर्मीर, झोपणं..."

"नो ते दुएर्मास," सेरीन्य म्हणाला. "हे येतं. घाण्यावर सारखं ऐकतो."

"आणि पुष्कळांना सांगायचं असेल तर?" युक्रेनच्या थोरल्या भावाने विचारलं.

"तर पोट फुटत नाही, शेपटी वेगळी लागते. पण ते तुम्हाला नको. लेओ काका तिसांना मिळून एकच समजतो. म्हणतो, खाली एकच जनावर आहे, त्याला तीस गुडघेदुख्या आहेत."

लेओ काका मागे दाराला टेकून उभा असायचा. परीक्षा घेतल्यासारखा मधेच गरजायचा, "तुएर्सास नको!" म्हणजे वाकडं जाऊ नको. भाषेच्या दृष्टीने ते अर्धं वाक्य होतं, पण सगळे बाकांवर ताठ व्हायचे. चौथ्या मंगळवारी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चांगलं शिकवलंयस. आता त्यांना एकच सांग. खाली गेलं की 'नको' आलं म्हणजे नको. का म्हणून विचारायचं नाही. विचार करणारा माणूस वरचा पंधरा जणांचा भार एकट्यावर घेतो, आणि मग कोसळतो."

तो याबाबतीत कडक होता. एका वर्षी सख्ख्या भावाने ताल सोडून भाराखाली मानेची बाजू बदलली, त्याला लेओ काकाने त्याच संध्याकाळी बाहेर काढलं. दोघे आजही एकमेकांशी बोलत नाहीत. दर रविवारी एकाच टेबलावर डोमिनो खेळतात, पण बोलत नाहीत.

लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सराव चालला. खऱ्या मातेऐवजी उघड्या लाकडी सांगाड्यावर विटांची पोती. रस्त्यावरून कुत्री मागे यायची, गाड्या हॉर्न वाजवायच्या. मोल्दोव्हाच्या एका गड्याच्या मानेवर, भाराखाली बांधायच्या जाड पट्ट्याच्या आत, फोड आला. पाका काकूंनी ऑलिव्हचं तेल लावलं आणि वर तोरिखा, म्हणजे दुधात भिजवून तळलेला पाव, खायला दिली, साखरेत घोळवून. दुसऱ्या दिवशी तिघांच्या मानेवर फोड आले.

तालीम बघून कासिमिरोसुद्धा म्हणाला, "चांगलं चाललंय की." तो मत्सरी नाही. फक्त टायर विकणारा माणूस कशाकडेही बघतो तेव्हा त्याच्या खाली काय नाही ते त्याला आधी दिसतं.

गुड फ्रायडेला आकाश स्वच्छ होतं. माता बाहेर आली. जुने गडी मागे, उंच परदेशी पुढे, कारण उंचीप्रमाणे रांगा लावतात. पुढच्या उजव्या कोपऱ्यात वाख्तांग. चर्चची कमान पार झाली, चौक पार झाला, नगरपालिकेसमोर एक टोला, विसावा, तीन टोले. माता उठली तशी बायकांनी श्वास आत घेतला. लेओ काका मागे चालत, बोटं हलवत, बारीक आवाजात: थरथरू नकोस. ताल सोडू नकोस. त्याचा चेहरा मी इतका तरुण कधी पाहिला नव्हता.

मग घुबडाचा उतार आला.

हा आमच्या मिरवणुकीचा कठीण तुकडा. नावाला उतार, मिरवणुकीला चढ. रस्ता अरुंद, गोट्यांचा, आणि चढण अशी की तिथे चौथरा खाली ठेवता येत नाही. चौथऱ्याचे पाय टेकले तर अख्खा डोलारा घसरत चौकात परत येईल. उचललेलं तिथे उचललेलंच ठेवायचं आणि न थांबता वर काढायचं. उताराच्या मध्यावर कासिमिरोचं घर आहे. खाली दुकान, वर बाल्कनी, आणि बाल्कनीत त्याची सासू, ब्रिखिदा मावशी.

मावशीचं नव्वदीत खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. बाल्कनी बुटकी असल्यामुळे माता समोरून जाते तेव्हा दोघींचे चेहरे एका पातळीवर येतात. आमच्याकडे लोक मातेशी बोलतात. अगदी घरच्यासारखं, अगं-तुगं करून. रडू नकोस, दमलीस का, किती गोड दिसतेस. खालच्या जुन्या गड्यांना हे माहीत असतं, ते तिकडे कान देत नाहीत. नव्यांना हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. जे आपण रोज करतो ते दुसऱ्याला सांगावं लागतं हे आमच्या गावात अजून कुणाला सुचलेलं नाही.

माता बाल्कनीसमोर आली. मावशी कठड्याला धरून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हलू नकोस गं पोरी!"

वाख्तांगचा कोपरा जागच्या जागी थांबला. पुढची रांग थांबली. मागच्यांना थांबावंच लागलं. माता एकदा झुलली, मेणबत्त्या कलंडल्यासारख्या झाल्या आणि सरळ झाल्या.

 बँड मात्र वाजत होता, कारण पुढे चालणाऱ्या बँडला मागचं दिसत नव्हतं.

लेओ काकाने हातोडीकडे पाहिलं. हातोडी कामाची नव्हती. एक टोला म्हणजे खाली ठेवा, आणि खाली ठेवलं तर संपलं. 'चल' हा शब्द त्याने मातेसमोर जन्मात उच्चारला नव्हता. तो पडद्याला तोंड लावून म्हणाला, "थांबू नकोस!"

"हलू नकोस!" वरून मावशी.

"थांबू नकोस म्हणतो ना!"

"तू गप रे लेओ. मी तुझ्याशी बोलत नाहीये." मावशी मातेकडे वळली. "तीन वर्षं झाली. तू येतेस आणि जातेस. बघ तरी माझ्याकडे. मी म्हातारी झालेय, तू तशीच आहेस. तुझं बरं आहे."

कासिमिरो मिरवणुकीच्या पुढे चांदीची काठी घेऊन चालत होता. तो परत आला. "सासूबाई, अहो लोक खोळंबलेत. खाली माणसं आहेत!"

"खाली माणसं आहेत ते मला माहीत आहे. तुझ्याआधीपासून आहेत." मग पुन्हा मातेला: "हा तुला चाकं लावणार आहे. ऐकलंस? गाढवाच्या गाडीला लावतात तशी. माझ्याच घराखाली ठेवलीत, रबराचा वास येतो रात्रभर. तू हे चालवून घेऊ नकोस. त्याचं ऐकू नकोस. तो वाईट नाही गं, माझ्या पोरीला कधी टाकून बोलला नाही, पण त्याला सगळ्यात चाकच दिसतं."

गर्दीत कुणी हसलं आणि लगेच खोकलं. कासिमिरोचा चेहरा त्याच्या झग्याच्या रंगाचा झाला. झगा जांभळा होता.

पडद्याखाली बूट थरथरायला लागले होते. उचललेलं घेऊन चालणं सोपं, उभं राहणं अवघड. हे ज्याने वाहिलं नाही त्याला कळत नाही, आणि ज्याने वाहिलं त्याला समजावून सांगण्याइतका दम उरत नाही. लेओ काका पडद्याजवळ वाकला. आता तो थांबू नकोस म्हणाला नाही. म्हणाला, "थरथरू नकोस बाळा. थरथरू नकोस." हे मी त्याच्या बाजूला उभा राहून ऐकलं.

मावशी बोलत राहिली. तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, खुब्याचं सांगितलं, एका मेलेल्या बहिणीला निरोप दिला. बँडने तेच गाणं पुन्हा सुरू केलं. शेवटी तिने पदरासारखी शाल सावरली आणि म्हणाली, "झालं. आता माझ्यासाठी खोळंबू नकोस. तुला थंडी वाजेल."

कोपरा हलला. पाऊल पडलं, दुसरं पडलं. माता उतार चढून गेली, आणि अख्ख्या रस्त्याने पाहिलं की ती कुणाच्या सांगण्यावरून गेली.

माता चर्चमध्ये परत पोचेपर्यंत गावाचं मत तयार झालं होतं. मत असं की मातेने ऐकलं. फादर म्हणाले की अशा गोष्टींची घाई करू नये. एवढं बोलून त्यांनी स्वतः ती गोष्ट चौघांना सांगितली. कासिमिरोचं मत वेगळं होतं: काहीतरी बिनसलं, आणि अट सगळ्यांना आठवत असेलच.

शनिवारी दुपारी एलादिओच्या बारमध्ये लेओ काका, वाख्तांग आणि मी असे तिघे एका टेबलावर होतो. एलादिओने न विचारता ऑलिव्ह ठेवले आणि लांब गेला. आमच्याकडे एवढा विचारी बारवाला दुसरा नाही; मागे जाऊन उभा राहिला तिथून सगळं ऐकू येतं.

लेओ काकाने सुरुवात केली. "तुझी चूक नाही. तुला वाटलं मीच बोललो."

वाख्तांगने एक ऑलिव्ह उचलला.

"आवाज कुणाचा वाटला?"

"मावशीचा."

"माझा नाही वाटला?"

"मुकादम, तुमचा आवाज बैलाचा. तिचा कोकराचा. मी जॉर्जियाचा आहे, बहिरा नाही."

लेओ काकाने ग्लास खाली ठेवला. "ती मातेशी बोलत होती हे कळलं तुला?"

"माझी आई पण असंच बोलते. घरातल्या चित्राशी. त्याच्यावर रागावते पण."

"मग थांबलास का?"

वाख्तांगने बोटांवर काहीतरी मोजलं. क्रियापदं जागेवर लावत असावा. "तुम्ही म्हणालात थांबू नकोस. ती म्हणाली हलू नकोस. दोन्ही नको. एक मोडणार म्हणजे मोडणार. तुमचं मोडलं तर तुम्ही मला काढाल. तिचं मोडलं तर..." त्याने हाताने बाल्कनीची उंची दाखवली. "ती पुढच्या वर्षी असेल की नाही, कुणाला माहीत. म्हणून तुमचं मोडलं."

"बाकीच्यांना विचारलंस?"

"खाली विचारायचं कसं? मी थांबलो, ते थांबले. सेरीन्यने मला शिवी दिली. त्याच्या भाषेत, पण कळली."

लेओ काका बराच वेळ ऑलिव्हच्या बिया बशीत रांगेने लावत बसला. एलादिओ कोरडाच ग्लास पुन्हा पुसत होता.

"नियम माहीत आहे तुला," लेओ काका म्हणाला.

"माहीत आहे. मी जातो." वाख्तांग उठला. "मानेचा पट्टा धुऊन आणून देतो."

"पिळू नकोस. शिवण उसवते," लेओ काका म्हणाला. सवयीनेच म्हणाला, त्याला बोललेलं कळलंसुद्धा नसावं.

वाख्तांग गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "याला काढला तर त्याच्याबरोबर सगळे जातील. सगळे गेले तर चाकं. नाही काढला तर मी भावाला कशासाठी काढलं होतं?"

 अशा वेळी मला नेहमी काहीतरी गमतीदार सुचतं आणि ते न बोलणं हेच माझं समाजकार्य आहे.

ईस्टर झाल्यावर सोमवारी मंडळ बसलं. मलाही बोलावणं होतं, भाषेचा जाणकार म्हणून. कासिमिरो टेबलाच्या टोकाला बसला होता आणि त्याची झोप झालेली दिसत नव्हती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही त्यांना काय शिकवलंत?"

"नकारार्थी आज्ञा."

"मग त्यांनी त्या पाळल्या की मोडल्या?"

"मी क्रियापदं शिकवतो, अध्यक्ष. ती पाळणं हे फादरच्या खात्यात येतं."

कासिमिरोने मला सोडलं आणि लेओ काकाकडे पाहिलं. "लेओ, उतारावर थांबायचं नाही हे आपल्या आजोबांपासून चालत आलेलं आहे. मला एकच सांग. कोणाच्या हुकमाने थांबले?"

लेओ काका टोपी हातात फिरवत होता. त्याच्या समोर दोन वाटा होत्या. नव्या माणसाला समजलं नाही म्हणावं तर ही माणसं कामाची नाहीत असं ठरणार. माणसाने मुद्दाम मोडलं म्हणावं तर त्याला काढावं लागणार. टोपी दोनदा फिरली.

"माझ्या," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या हुकमाने. मी थांबवलं."

"अरे, तू तर बोंबलत होतास, थांबू नकोस म्हणून! अख्ख्या गावाने ऐकलं."

"ते बँडला. बँड थांबत होता."

"बँड थांबत नव्हता!"

"मी सांगितलं म्हणून नव्हता थांबत."

बँडमास्तर मंडळावर आहे. त्याने छताकडे पाहिलं आणि तो छताकडेच पाहत राहिला.

"आणि सासूबाई म्हणाल्या खोळंबू नकोस, तेव्हाच निघाले ते?"

"योगायोग."

कासिमिरो मागे टेकला. "लेओ, मुकादमाने उतारावर थांबवलं असेल तर ही तुझी चूक आहे. गंभीर चूक."

"आहे. मग मला काढा."

मी त्याला ओळखतो. हे तीन शब्द बोलायला त्याला उतार तीनदा चढण्याइतका दम लागला असणार. ज्या माणसाला चूक म्हणजे काय हे गावात सगळ्यात जास्त कळतं, त्याने ती स्वतःच्या नावावर लावून घेतली होती, आणि तीही न केलेली.

 मग कासिमिरोने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी कोणाला काढत नाही. घरी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर एकच चाललंय. 'मी तिला सांगितलं, तिने ऐकलं. आता तू कुठल्या तोंडाने चाकं लावतोस?' सकाळी पाव खाताना, दुपारी मसूर खाताना. बायको पण तिच्या बाजूने. सांगाडा मी काल विकला. ऑलिव्हच्या जाळ्या वाहायला नेला एकाने. चाकं चांगली होती," तो मला उद्देशून म्हणाला.

"मी बघितली होती," मी म्हणालो.

एवढ्यावर बैठक संपली. म्हणजे लेओ काकाने मान पुढे केली, पण ती कापायला कुणी तयारच नव्हतं. दारात त्याने मला विचारलं, "मग मी उगाचच बोललो का?"

"वाख्तांगला विचार," मी म्हणालो.

त्याने विचारलं नाही. पट्टा धुऊन आला तेव्हा शिवण तपासली आणि तसाच त्याला परत दिला.

लेओ काकाच्या कबुलीवर गावात कुणाचाही विश्वास बसला नाही. एका व्यक्तीने मात्र ती खरी मानून राग धरला. मावशीने बाल्कनीतून निरोप धाडला: "सोलेदादला थांबवणारा तू कोण रे?" तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. लेओ काका रोज उतारावरून जाताना टोपी काढायचा आणि मावशी समोरच्या घराचं छप्पर बघायची. ते छप्पर बघण्यासारखं नाही.

हिवाळा गेला. मावशी होती. सराव पुन्हा सुरू झाला, यंदा एकतीस माणसं आली आणि एकाला थांबवून ठेवावं लागलं. पहिल्याच संध्याकाळी लेओ काकाने विटांची पोती लादलेला सरावाचा सांगाडा उताराच्या मध्यावर आणला आणि बाल्कनीखाली स्वतः म्हणाला, "हलू नकोस."

सगळे थांबले. जुन्यांपैकी कुणीतरी आतून ओरडलं, "काका, इथे कशाला?"

"इथे उभं राहायचा सराव लागणार आहे," लेओ काका म्हणाला. "ती लवकर आवरत नाही."

बाल्कनीचं दार उघडलं. मावशी शाल गुंडाळून कठड्याशी आली, तिने पोत्यांकडे पाहिलं, मग लेओ काकाकडे.

"काय रे मेल्या, विटा दाखवायला आणल्यास मला? आणि हा काय अवतार, टोपी तरी घाल, थंडी आहे. पाका बरी आहे का?"

लेओ काकाने टोपी घातली. ती पाकाचं विचारून मग तिच्या बहिणीचं विचारू लागली, मग घाण्याचं, मग कोपऱ्यातला तो धिप्पाड कोण आहे ते. तो वर बघून एकेक उत्तर देत राहिला, आणि तिचं संपेपर्यंत खाली कुणी हललं नाही.